रात्री दोन वाजता मोठा धक्का बसणार म्हणे

21 मार्च 2024. सकाळी 6 वाजून 8 मिनिटांनी हिंगोली जिल्ह्यात 4.5 तीव्रतेचा भूकंप झाला, 11 मिनिटांनी 3.6चा दुसरा. दुपारपर्यंत आमच्या घरच्या ग्रुपवर ‘नासाचा इशारा’ हजर: रात्री दोन वाजता याहून मोठा धक्का, घरात झोपू नका. आता, भूकंपाची अशी वेळ आधी सांगणारं तंत्र जगात कुणाकडेच नाही. पण 1993चं किल्लारी ज्यांनी ऐन तरुणपणी ऐकलं-पाहिलं, त्यांना हे कोण पटवणार? अंथरुणं अंगणात आली.

‘माहितीचा महापूर’ हा शब्द मला म्हणूनच खटकतो. पूर म्हटलं की दोष कुणाचाच नाही. मेसेज मात्र आपला आपण वाहत येत नाही, दर ठिकाणी कुणाचा तरी अंगठा त्याला पुढे ढकलतो. आणि तो अंगठा खेड्यातल्या अडाण्याचाच असतो हा समजही सोडा. आमच्याकडे तो इशारा टाकणारे नातेवाईक पुण्यात इंजिनिअर आहेत. विचारलं तर म्हणाले, “खरं असो नसो, सावध राहिलेलं बरं.”

माझं भांडण आहे ते या वाक्याशी. ‘मुलं पळवणारी टोळी फिरतेय, सावध राहा’ हाही मेसेज काळजीनेच पुढे जात होता. 1 जुलै 2018ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजाराच्या दिवशी जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे लोक होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा जाहीर केली. म्हणजे वेग कमी करता येत होता. तोवर केला नव्हता, एवढंच.

याच हिंगोलीत, औंढा नागनाथ तालुक्यात, लायगो-इंडिया उभी राहणार आहे. एप्रिल 2023मध्ये केंद्राने 2,600 कोटींना मंजुरी दिली. गुरुत्वीय लहरी टिपणारं हे यंत्र इतकं हळवं की दूरवरच्या ट्रकची थरथरही त्याला त्रास देते. म्हणून अमेरिकेत अशी दोन यंत्रं आहेत, एकमेकांपासून 3,000 किलोमीटरवर. एकाला जाणवलं आणि दुसऱ्याला नाही, तर ते धरत नाहीत. 14 सप्टेंबर 2015ला दोन्हीकडे पहिली लहर सापडली, तरी जगाला सांगितलं 11 फेब्रुवारी 2016ला. त्याआधी 2010मध्ये तर शास्त्रज्ञांना न सांगता यंत्रात खोटा संकेत घुसवून त्यांचीच परीक्षा घेतली होती!

“आपण काय शास्त्रज्ञ आहोत?” असं तुम्ही म्हणाल. पाच महिने थांबा असं मी म्हणतच नाही. पण एकच मेसेज दहा ग्रुपवर दिसला म्हणजे दहा साक्षीदार झाले नाहीत. साक्षीदार एकच, बाकी नऊ त्याच्या नकला. दुसरा साक्षीदार म्हणजे ज्याने तो मेसेज वाचलेलाच नाही आणि तरी तेच सांगतोय.

तो साक्षीदार आम्हाला हवाय. जमीन हलली की काही मिनिटांत, सोप्या मराठीत, अधिकृत मेसेज फोनवर यावा: तीव्रता किती, केंद्र कुठे, पुढचं कुणालाही सांगता येत नाही. फोन तर प्रत्येक वाडी-तांड्यावर पोहोचलेत. 10 जुलै 2024ला कळमनुरी तालुक्यात जमीन पुन्हा 4.5ने हलली.