मोटारसायकलचें तेल : खनिज कीं सिंथेटिक?

हल्लीं खेड्यांतील वाडीपासून शहरांतील चाळीपर्यंत जिच्या दारांत एकही मोटारसायकल उभी नाहीं अशी वस्ती विरळा. वडिलांची नोकरी, आजीचा दवाखाना, धाकट्याची शिकवणी, बाजारचें ओझें, हें सारें त्या दोन चाकांवर चालतें. आणि कित्येक घरांची तर रोजची मिळकतच तिच्यावर अवलंबून असते. असें असतां त्या यंत्राच्या पोटांत जें लिटरभर तेल फिरत असतें, त्याविषयीं आपल्याकडे बहुधा दोनच मतें ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो, "तेल तें तेल, कोणतेंही घाला." दुसरा पक्ष म्हणतो, "सिंथेटिकच घाला, मग वर्षभर पाहायला नको." आम्हांस हीं दोन्ही मतें चुकीचीं वाटतात, आणि त्यांतल्या त्यांत दुसरें अधिक घातक वाटतें, कारण त्यांत पैसा अधिक जातो आणि निष्काळजीपणाला एक सभ्य निमित्तही मिळतें.

प्रथम तेलाचें काम काय तें पाहूं. पिस्टन आणि सिलिंडर एकमेकांस घासून झिजूं नयेत म्हणून त्यांच्यामध्यें तेलाचा एक पातळ थर सतत राहावा लागतो. शेतकरी बैलगाडीच्या आंसाला करंजेल किंवा एरंडेल घालीत असे, तें याच कारणासाठीं. परंतु इंजिनांतील तेलाला एवढ्यावर सुटका नाहीं. ज्या इंजिनाभोंवतीं पाणी खेळविलेलें नसतें, केवळ वाऱ्यानेंच जें निवतें, त्याच्या आंतल्या भागांची पुष्कळशी उष्णता तेलालाच वाहून न्यावी लागते. पेट्रोलच्या ज्वलनानें झालेली काजळी, आम्लें आणि धातूचा बारीक कीस हें सर्व तें आपल्या पोटांत धरून ठेवतें. नवें तेल थोड्या दिवसांत काळें पडलें म्हणून लोक दुकानदाराशीं भांडतात. पण काळें पडणें हें बहुधा तें नासल्याचें नव्हे, तर काम केल्याचें लक्षण होय.

मोटारसायकलच्या तेलावर आणखी एक भार आहे, आणि वाद करणारे लोक नेमका तोच विसरतात. मोटारगाडींत गिअरचें तेल सहसा निराळें असतें. आपल्याकडील बहुतेक मोटारसायकलींत मात्र एकच तेल इंजिनांत, गिअरांत आणि क्लचांतही फिरतें. (जुन्या ओतीव लोखंडी इंजिनाच्या बुलेटचा गिअरबॉक्स स्वतंत्र होता, पण त्या बुलेटी आतां हौशी लोकांच्या अंगणांतच अधिक दिसतात.) क्लचच्या तबकड्या तेलांत बुडालेल्या असूनही त्यांनीं एकमेकींस घट्ट धरावें लागतें. म्हणजे एकाच तेलानें एका जागीं निसरडें व्हावें आणि दुसऱ्या जागीं बेताचेंच निसरडें राहावें, अशी ही मागणी आहे. शिवाय गिअरचे दांते तेलाचा दाटपणा टिकविणारे लांबलचक रेणू अक्षरशः चिरडून तोडतात. म्हणूनच मोटारगाडीचें तेल, तें कितीही महाग असलें तरी, मोटारसायकलींत घालूं नये. त्यांतील कांहीं तेलांत पेट्रोल वांचविण्यासाठीं घर्षण फार कमी करणारीं द्रव्यें मिसळलेलीं असतात. तीं क्लचला बाधतात, आणि मग घाटांत इंजिन ओरडतें पण गाडी ओढत नाहीं. हा घोंटाळा टाळण्यासाठींच जपानमधील मोटार-धंद्याच्या मानक संस्थेनें १९९८ सालीं मोटारसायकलच्या तेलासाठीं वेगळी कसोटी ठरविली. डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' असें असेल तर तें तेलांत बुडालेल्या क्लचला योग्य. 'एमबी' असेल तर तें गिअर नसलेल्या स्कूटरसाठीं. हीं दोन-तीन अक्षरें 'सिंथेटिक' या सोनेरी शब्दापेक्षां अधिक महत्त्वाचीं आहेत, असें आमचें स्पष्ट मत आहे.

आतां खनिज आणि सिंथेटिक यांत भेद तो काय? जमिनींतून काढलेलें कच्चें तेल गाळून, धुऊन, मेण काढून जें मिळतें तें खनिज तेल. त्यांत लहानमोठे नाना आकारांचे रेणू एकत्र नांदतात. सिंथेटिक तेल म्हणजे रसायनशाळेच्या रीतीनें, हवे तसे सारखे रेणू जुळवून केलेलें तेल. पण त्याचाही कच्चा माल बहुधा पेट्रोलियम किंवा नैसर्गिक वायू हाच असतो, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटनें मूळ तेलांचे पांच गट पाडले आहेत. पहिले तीन कच्च्या तेलापासून काढलेले. चौथा पॉलिअल्फाओलेफिन नांवाच्या घडविलेल्या तेलाचा. आणि बाकीचीं सारीं, उदाहरणार्थ एस्टर जातीचीं तेलें, पांचव्या गटांत. गंमत अशी कीं आपलें एरंडेल हेंही रसायनदृष्ट्या एस्टरच आहे. लंडन येथें १८९९ सालीं चार्ल्स वेकफील्ड यांनीं काढलेल्या कंपनीनें पुढें आपल्या तेलास 'कॅस्ट्रॉल' असें नांव दिलें, तें एरंडेलाच्या इंग्रजी नांवावरूनच! आरंभींच्या विमानांत व शर्यतीच्या गाड्यांत एरंडेल मोठ्या मानानें वापरीत असत.

तिसऱ्या गटाची कथा ग्राहकानें अवश्य ऐकावी. हा गट कच्च्या तेलापासूनच होतो, परंतु मोठ्या दाबाखालीं हायड्रोजनची प्रक्रिया करून तो इतका शुद्ध करतात कीं गुणांत तो सिंथेटिकच्या जवळ जातो. अशा तेलास सिंथेटिक म्हणावें काय, यावरून मोबिल कंपनीनें कॅस्ट्रॉलविरुद्ध अमेरिकेंतील जाहिरात-परीक्षण मंडळाकडे तक्रार केली. १९९९ सालीं मंडळानें कौल दिला तो कॅस्ट्रॉलच्या बाजूनें. तेव्हांपासून या शब्दाची कक्षा रुंदावली ती रुंदावलीच. आज 'फुल्ली सिंथेटिक' असें लिहिलेला डबा चौथ्या गटाचा असेल किंवा तिसऱ्याचाही असेल. आणि 'सेमी-सिंथेटिक' म्हटलें तर त्यांत सिंथेटिक किती, तें डब्यावर सहसा सांगितलेलेंच नसतें. यांत लबाडीच आहे असें आम्ही म्हणत नाहीं, कारण तिसऱ्या गटाचें तेल खरोखरच चांगलें असतें. परंतु शब्दाकडे पाहून दाम मोजणाऱ्यानें शब्दाचा अर्थ तरी माहीत करून घ्यावा.

सिंथेटिक तेलाचे गुण खरे आहेत. तें उष्णतेनें लवकर करपत नाहीं, कमी उडून जातें, आणि थंडींत कमी घट्ट होतें. पण गुण खरा असणें वेगळें आणि तो आपल्या उपयोगी पडणें वेगळें. डब्यावर '१० डब्ल्यू ३०', '२० डब्ल्यू ४०' असे आंकडे असतात. त्यांतील 'डब्ल्यू' म्हणजे हिंवाळा. पहिला आंकडा तेल थंडींत किती सुलभपणें हलतें तें सांगतो, दुसरा १०० अंश उष्णतेला तें किती दाट राहतें तें सांगतो. यांपैकीं '२० डब्ल्यू' तेलाची थंडींतील एक परीक्षा शून्याखालीं १५ अंशांवर घेतात, आणि '१० डब्ल्यू'ची शून्याखालीं २५ अंशांवर! निफाडला ऐन हिंवाळ्यांत पारा पांच-सहा अंशांवर आला कीं आपण शेकोटी पेटवितों. लडाखला जाणाऱ्या प्रवाशाला सिंथेटिकचा हा गुण उपयोगी पडेल. सटाण्याहून मालेगांवला जाणाऱ्यास त्यासाठीं जादा पैसे देण्याचें कारण नाहीं.

उष्णतेची गोष्ट निराळी. ज्या इंजिनाचे फेरे फार, ज्याची शक्ति आकाराच्या मानानें मोठी, अशा गाडीला सिंथेटिक तेल शोभतें, आणि तिच्या कारखानदारानें बहुधा तेंच सांगितलेलें असतें. विदर्भांतील उन्हाळ्यांत, ४५ अंशांच्या उन्हांत, दिवसभर थांबत-सुटत घरोघर सामान पोंचविणाऱ्या तरुणाच्या साध्या गाडीलाही आम्ही त्याची शिफारस करूं. मात्र पुस्तिकेंत दिलेला आंकडा आणि 'एमए' हीं अक्षरें जुळलीं पाहिजेत. त्याची गाडी एक दिवस बंद म्हणजे त्याची चूल एक दिवस बंद. तेथें दोन-चारशें रुपयांची काटकसर करणें हें शहाणपण नव्हे.

परंतु ज्यांच्यासाठीं आम्ही हें लिहितों त्या बहुतेक घरांची गाडी कोणती? शंभर सीसीच्या आंतबाहेरची, वाऱ्यानें निवणारी, सौम्य स्वभावाची. १९९४ सालीं निघालेली स्प्लेंडर ही तिचा उत्तम नमुना. तिच्या इंजिनांत कागदी फिल्टर नाहीं. गरगर फिरणाऱ्या एका वाटीच्या काठाशीं जड मळ फेंकला जातो आणि एका जाळींत मोठे कण अडकतात, एवढीच सोय. बारीक मळ तेलांतच राहतो, आणि तेल बदलल्यावांचून तो जात नाहीं. येथेंच सिंथेटिकच्या अभिमान्यांचें गणित चुकतें. मूळ तेल कितीही टिकाऊ असो, त्यांत सांचलेली काजळी, झिरपलेलें पेट्रोल आणि आम्लें मारतां मारतां खर्ची पडलेलीं औषधी द्रव्यें यांस तो टिकाऊपणा काय करणार? समजा, एका गृहस्थास खनिज तेल ४०० रुपयांस पडतें आणि सिंथेटिक १,००० रुपयांस. महाग तेल घातलें म्हणून तो दुप्पट-तिप्पट अंतर तसाच गाडी दामटतो. त्याच्या हिशेबीं पैसे फिटले. इंजिनाच्या हिशेबीं मात्र तो मळक्या पाण्यांत कपडे धूत बसला आहे.

तेलाची पातळी ही त्याहूनही दुर्लक्षिलेली बाब. या गाड्यांत तेल सुमारें लिटरभरच मावतें. जुनें इंजिन हळूहळू तेल पितें. त्यांतून ३०० मिलिलिटर जरी गेलें तरी जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. उरलेल्यानें तेंच काम करावयाचें, तेवढीच उष्णता वाहावयाची. अशा स्थितींत तेल कोणत्या गटाचें होतें हा प्रश्न विचारण्यांत अर्थ नाहीं. १९८५ सालीं हिरो होंडाची सीडी १०० बाजारांत आली तेव्हां तिची जाहिरात सांगे कीं, पेट्रोल भरा, झांकण लावा आणि विसरून जा. जाहिरात पेट्रोलापुरती होती. पण आमच्या लोकांनीं ती इतकी मनावर घेतली कीं ते तेलही विसरले.

दुसरी एक खोड म्हणजे दाट तेलाचें वेड. पुस्तिकेंत '१० डब्ल्यू ३०' असें छापलेलें असतां गल्लींतील कारागीर "यांत दम नाहीं" म्हणून '२० डब्ल्यू ४०' ओततो, आणि मालक मान डोलावतो. दाट तेल सकाळीं वरच्या भागांस उशिरां पोंचतें आणि फिरतांना शक्ति खातें. इंजिन आंखतांना कोणत्या फटींत कोणतें तेल खेळावें हें ज्यांनीं ठरविलें, त्यांच्यापेक्षां आपणांस अधिक कळतें असें मानूं नये. सुट्या पिंपांतील तेलाबद्दल तर बोलावयासच नको. डबा आपल्यासमोर फोडवावा, आणि रिकामा झाल्यावर त्याला भोंक पाडून द्यावें, म्हणजे त्यांत पुन्हां कोणी भलतें तेल भरणार नाहीं.

तेव्हां आमच्या विचारें साध्या गाडीला पुस्तिकेंत सांगितलेल्या आंकड्याचें, 'एमए' अक्षरांचें, चांगल्या कंपनीचें खनिज तेल पुरेसें आहे. आणि त्यांतून जे पैसे उरतात ते तें वेळेवर, किंबहुना धुळीच्या रस्त्यावर थोडें वेळेआधींही, बदलण्यांत खर्चावे. ज्यास सिंथेटिकच घालावयाचें आहे त्यानें खुशाल घालावें, इंजिनास त्यानें अपाय होत नाहीं. खनिजावरून सिंथेटिकवर गेलें कीं परत येतां येत नाहीं, हाही समज खोटा. आजचीं तीं तेलें एकमेकांत मिसळतात. फक्त बदलण्याची तारीख पुस्तिकेचीच पाळावी.

काढलेलें तेल गटारांत किंवा विहिरीजवळच्या मातींत ओतूं नये, आणि वाळवी लागूं नये म्हणून घरच्या लांकडांसही फांसूं नये. त्यांत धातू आणि त्वचेस अपायकारक द्रव्यें असतात. तें गॅरेजवाल्याकडेच परत द्यावें. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांप्रमाणें असें तेल अधिकृत पुनःप्रक्रिया करणाऱ्याकडेच जावयास पाहिजे.

आमच्या विद्यार्थिमित्रांस अठरा वर्षें पूर्ण होईपर्यंत गिअरची गाडी चालविण्याचा अधिकार कायद्यानें नाहीं, आणि तो त्यांनीं चोरूनही घेऊं नये. पण तेल पाहण्यास परवाना लागत नाहीं. रविवारीं सकाळीं गाडी सपाट जागीं मधल्या स्टँडवर उभी करावी, वडिलांकडून इंजिन तीन-चार मिनिटें चालवून बंद करवावें, आणि दोन-तीन मिनिटें थांबावें. मग मापाची काडी काढून फडक्यानें पुसावी, पुन्हां आंत सोडावी, पण आटे पिळूं नयेत, नुसती टेंकवावी. आणि बाहेर काढून तेल दोन खुणांच्या मध्यें आहे कीं नाहीं तें पाहावें. घरांतील दिनदर्शिकेच्या पाठीवर दुधाचा हिशेब मांडलेला असतोच. त्याच्या शेजारीं त्या दिवसाचे किलोमीटर आणि तेलाची पातळी लिहून ठेवावी.