क्लिप फिरते, मूळ रेकॉर्डिंग पुसलं जातं

शेलूबाजारच्या चौकात माझं सीसीटीव्ही बसवण्याचं आणि दुरुस्तीचं दुकान आहे. अकोल्याहून मंगरूळपीरला जाणारा रस्ता आणि कारंज्याहून मालेगाव-मेहकरकडे जाणारा जुना नागपूर-संभाजीनगर रस्ता इथंच एकमेकांना छेदतात. डिसेंबर 2022 मध्ये समृद्धी महामार्ग सुरू झाला, त्याचा इंटरचेंजही जवळच आहे. त्यामुळे पंचक्रोशीत कुणी घरातून निघून गेलं, की ‘शेलूच्या कॅमेऱ्यात दिसलं का’ हा प्रश्न येतोच. कृषी केंद्रं, सराफ, हॉटेलं यांच्या कॅमेऱ्यांची देखभाल माझ्याकडे, म्हणून लोक माझ्या दुकानात येतात. पोलीस येतात, नातेवाईक येतात, पण त्यांच्याहून जास्त येतात ते ज्यांचा त्या माणसाशी काडीचा संबंध नसतो. “भाऊ, मले पाहू दे ना एकदा. थो मागं बसेल कोन हाये, ते पायताच सांगतो तुले.”

मी दाखवत नाही. लोकांना त्याचा राग येतो. पण बेपत्ता माणसाचं फुटेज गावानं चघळायला घेतलं की तपासाच्या कामाचं उरत नाही, हे या धंद्यात राहून मला पक्कं कळलंय. ते कसं, ते आज सविस्तर सांगतो.

रात्रीचं फुटेज घ्या. अंधार पडला की कॅमेरा इन्फ्रारेडवर जातो आणि चित्र काळं-पांढरं होतं. इन्फ्रारेडमध्ये कापड डोळ्याला दिसतं तसं दिसत नाही. काळा सिंथेटिक शर्ट बऱ्याचदा पांढुरका येतो. घरच्यांनी सांगितलेलं असतं, काळा शर्ट घालून गेला. क्लिपमध्ये दिसतो पांढरा. लगेच ग्रुपवर निकाल लागतो: कपडे बदलले म्हणजे आधीच ठरवून गेला. दुसरा म्हणतो, हा तो नाहीच, पोलीस भलत्याच माणसाला दाखवून रायले. हेडलाइटचा झोत पडला की नंबरप्लेट पांढरी फटक होते. त्यातून एक जण एमएच 37 वाचतो, दुसरा एमएच 30, आणि वाशीमची गाडी बघता बघता अकोल्याची होते.

हार्ड डिस्क लवकर भरू नये म्हणून बरेच दुकानदार हालचाल असेल तेवढंच रेकॉर्डिंग होईल अशी सेटिंग ठेवून घेतात. मग माणूस आत्ता पानठेल्यापाशी असतो आणि पुढच्या क्षणी रस्त्याच्या पलीकडे. मधलं काही रेकॉर्डच झालेलं नसतं. पण पाहणारा ठामपणे सांगतो, “कापलंय. कोनाले तरी वाचवून रायले.” हे वाक्य एकदा सुटलं की ते खोडून काढायला कुणी येत नाही.

आणि घड्याळ. वीज गेली, यूपीएस नाही, डीव्हीआरच्या आतला बटन सेल संपलेला. मशीन पुन्हा सुरू होते तेव्हा वेळ भलतीच असते. इंटरनेट जोडलेलं असेल तर ती सुधारते, नसेल तर कुणी हातानं लावेपर्यंत तशीच चालते. समजा, एका दुकानाचा डीव्हीआर बारा मिनिटं पुढे आहे आणि समोरच्याचा सात मिनिटं मागे. माणूस आधी समोरच्या कॅमेऱ्यासमोरून गेला आणि लगोलग या कॅमेऱ्यात आला, तर पडद्यावर मध्ये एकोणीस मिनिटांची पोकळी दिसते. खरं तर ती एकोणीस मिनिटं कधी झालेलीच नसतात. पण तेवढ्यात कोण भेटलं, कुठं नेलं, काय झालं, याच्या कहाण्या तयार होतात, आणि त्यात एखाद्या जित्याजागत्या माणसाचं नाव चिकटतं. जाणकार पोलीस अंमलदार फुटेज घेताना डीव्हीआरची वेळ आणि खरी वेळ दोन्ही पंचनाम्यात शेजारी शेजारी लिहितो. ग्रुपवरच्या क्लिपला पंचनामा नसतो.

अलीकडे याहून वाईट गोष्ट सुरू झाली आहे. धूसर चेहरा मोबाइलमधल्या कुठल्याशा एआय ॲपमध्ये टाकतात आणि ‘क्लिअर’ करून आणतात. दूरच्या कॅमेऱ्यात चेहरा जेमतेम दहा-पंधरा पिक्सेलचा असतो. त्यात डोळे, नाक, जिवणी नसतेच. ॲप ती अंदाजानं भरतं आणि कुणाचाच नसलेला चेहरा काढून देतं. तो स्वच्छ असतो म्हणून लोकांना खरा वाटतो, आणि आसपासच्या दहा गावांत तो कुणाशी ना कुणाशी जुळतोच. एखाद्याच्या दारात उद्या जमाव जाईल तो अशाच चित्राच्या जोरावर जाईल, याची मला खरोखर भीती वाटते.

ही भीती उगाच नाही. 2018 च्या उन्हाळ्यात मुलं पळवणाऱ्या टोळीचा एक व्हिडिओ देशभर फिरत होता. दिसायला थेट सीसीटीव्ही फुटेज: मोटारसायकलवर दोघं येतात, खेळणारं पोरगं उचलतात, पसार होतात. तो व्हिडिओ कराचीतल्या एका संस्थेनं मुलांच्या सुरक्षेबद्दल पालकांना सावध करण्यासाठी केलेला होता. मूळ व्हिडिओत ते दोघं परत येतात, पोराला सोडतात आणि संदेशाचा फलक दाखवतात. तेवढाच भाग कुणीतरी कापला. अशा अफवांनी वातावरण तापलेलं असताना 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. माणसं मंगळवेढ्याकडची होती. बाजाराच्या दिवशी गावात आली होती. एका मुलीशी बोलली एवढंच निमित्त झालं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक संदेश एका वेळी पाच चॅटपुरताच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली, पण ती त्या पाच जणांच्या उपयोगाची नव्हती. आपल्याही बाजारात नाथजोगी येतात, बहुरूपी येतात, परजिल्ह्यातून सोंगणीला आलेली मजुरांची कुटुंबं येतात. संशय घ्यायचा म्हटलं की पहिली नजर त्यांच्यावरच जाते.

आता पुराव्याचं बोलू, कारण ‘लोकांनी दबाव आणला म्हणून तर पोलीस हलले’ हा युक्तिवाद मी रोज ऐकतो.

जानेवारी 2014 मध्ये आंध्रातल्या मछलीपट्टणमची एक तेवीस वर्षांची सॉफ्टवेअर अभियंता घरून मुंबईला परतत होती. 5 जानेवारीला पहाटे ती कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवर उतरली आणि बेपत्ता झाली. 16 जानेवारीला कांजूरमार्गजवळ महामार्गाच्या कडेला तिचा मृतदेह सापडला. स्टेशनच्या कॅमेऱ्यात ती एका माणसाबरोबर चालत जाताना दिसली होती. ते दृश्य वाहिन्यांनी पुन्हा पुन्हा दाखवलं. त्याच्याबरोबर ती गेलीच का, तो ओळखीचा होता का, हे प्रश्न घराघरात चघळले गेले. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे त्यानं तीनशे रुपयांत सोडतो असं सांगून तिला नेलं होतं. मार्चमध्ये एकाला अटक झाली. 2015 मध्ये विशेष न्यायालयानं त्याला फाशी सुनावली, 2018 मध्ये उच्च न्यायालयानं ती कायम केली. आणि 28 जानेवारी 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी, त्यात आपल्या अमरावतीचे भूषण गवई होते, त्याला निर्दोष सोडलं. पुराव्याची साखळी जुळत नव्हती, साक्षीदारांवर भिस्त ठेवता येत नव्हती. आणि त्या सीसीटीव्ही फुटेजला तेव्हाच्या पुरावा कायद्यानं लागणारं 65-ब कलमाचं प्रमाणपत्रच जोडलेलं नव्हतं. साऱ्या देशानं पाहिलेलं फुटेज न्यायालयाला पुरावा म्हणून विचारात घेता आलं नाही. अकरा वर्षांनंतर त्या मुलीच्या आईवडिलांच्या हातात काय आलं?

हे प्रमाणपत्र म्हणजे बाबूगिरी नव्हे. शेलूबाजारहून जुन्या रस्त्यानं मेहकर, सिंदखेडराजा करत पुढे गेलं की जालना लागतं. तिथल्या 2014 च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही, हा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रीकरणावर येऊन ठेपला. त्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल प्रकरणात 14 जुलै 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की मूळ यंत्रच मालकानं न्यायालयात आणून सिद्ध केलं तर ठीक, नाहीतर नकलेसोबत प्रमाणपत्र पाहिजेच. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात हे 63 व्या कलमात आलं आहे. प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत: एक यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्यानं भरायचा, दुसरा तज्ज्ञानं. त्यात फाइलचा हॅश लिहावा लागतो. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा समजा. एक फ्रेम बदलली तरी आकडा बदलतो. मॉनिटरसमोर मोबाइल धरून काढलेल्या क्लिपचा हॅश मूळ फाइलशी जुळणं शक्यच नाही. शिवाय संशयिताचा चेहरा आधीच हजारो मोबाइलवर फिरला असेल, तर ओळख परेडमध्ये साक्षीदारानं त्याला खरंच प्रसंगाच्या वेळी पाहिलं होतं की स्टेटसला पाहिलं होतं, हे बचावाचा वकील विचारणारच. आणि तो विचारतो ते बरोबर आहे.

आणखी एक गोष्ट मला फार लागते. सज्ञान बाई घरातून गेली की पोलीस मिसिंग दाखल करतात. ती सापडते, कधी स्वतःहून येते, जबाब देते, मी माझ्या मर्जीनं गेले होते म्हणते, आणि कागद बंद होतो. क्लिप बंद होत नाही. बसस्टँडवर तिच्या शेजारी कोण उभं होतं, हे गावाला वर्षानुवर्षं तोंडपाठ असतं. शेजारी उभा असलेला बहुतेक वेळा फक्त बसची वाट पाहत असतो. सासरी नांदणाऱ्या, कॉलेजात शिकणाऱ्या मुलींची आयुष्यं अशा वीस सेकंदांनी कायमची वाकडी होतात, आणि ते वीस सेकंद पाठवणाऱ्याला दुसऱ्या दिवशी आठवतही नाहीत.

या सगळ्या गदारोळात जे करायला हवं ते राहून जातं. आपल्याकडच्या दुकानांत साधारणपणे चार कॅमेरे आणि एक टीबीची डिस्क असते. सेटिंगप्रमाणे आठ ते पंधरा दिवसांचं रेकॉर्डिंग राहतं, मग जुन्यावर नवं चढत जातं. पोलीस ठाण्यातल्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग अठरा महिने जपा, असं सर्वोच्च न्यायालयानं 2 डिसेंबर 2020 च्या आदेशात सांगितलं आहे. चौकातल्या किराणा दुकानाला असा आदेश नाही. घरचे चार दिवस नातेवाइकांकडे शोधतात, दोन दिवस तक्रारीत जातात, आणि तोवर गाव एकाच क्लिपवर वाद घालत असतं. बाकीच्या दहा कॅमेऱ्यांत काय होतं ते मशीन गुपचूप पुसत असते. नवव्या दिवशी एखादा बाप दुकानात येऊन उभा राहतो, आणि मला डिस्क उघडून त्याला रिकामी तारीख दाखवावी लागते. हे काम मला सगळ्यांत जड जातं.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. कुणी हरवल्याचं कळलं की ज्या ज्या रस्त्यावर तो माणूस गेला असेल तिथल्या दुकानदारांनी त्याच दिवशी डीव्हीआरमधलं ओव्हरराइट बंद करावं. ते येत नसेल तर मशीन बंद करून डिस्क काढून ठेवावी आणि दुसरी लावावी. एक-दोन दिवस कॅमेरा बंद राहिला तरी चालेल. मशीन बंद करण्याआधी मोबाइलवर डीव्हीआरच्या वेळेशेजारी खरी वेळ ठेवून एक फोटो काढावा. मग ठाण्यात कळवावं. पोलीस फुटेज नेतील तेव्हा पंचनाम्याची प्रत मागावी, प्रमाणपत्रावर सही करताना ते वाचावं. आणि क्लिप कुणालाही देऊ नये. सरपंचाला नाही, पत्रकाराला नाही, बेपत्ता माणसाच्या चुलतभावालाही नाही.

पोलिसांकडेही बोट दाखवावंच लागेल. लोक तर्क करतात याचं निम्मं कारण ठाण्याची चुप्पी आहे. हेलपाटे घालणाऱ्या बापाला ‘तपास सुरू आहे’ एवढंच ऐकायला मिळतं, आणि त्याच संध्याकाळी ठाण्यात पाहिलेलं फुटेज गावात पोचलेलं असतं. त्याचा विश्वास उरणार कसा? ठाणेदारांनी घरच्यांना विचारून बेपत्ता व्यक्तीचा एक चांगला फोटो, कपड्यांचा खरा रंग, शेवटची तपासून घेतलेली जागा-वेळ आणि ठाण्याचा फोन नंबर एवढं पहिल्याच दिवशी जाहीर करावं. तो फोटो लोकांनी जरूर फिरवावा. त्यानं माणसं सापडतात. फुटेजमधल्या अनोळखी माणसाची ओळख हवीच असेल तर वरिष्ठांच्या सहीनं त्याचा फोटो प्रसिद्ध करावा आणि ‘हा आरोपी नाही, याच्याकडून फक्त माहिती हवी आहे’ हे त्याच्याखाली ठळक अक्षरांत लिहावं. घरच्यांना रोज ठरलेल्या वेळी एक फोन करावा, सांगण्यासारखं काही नसलं तरी. आणि ठाण्याच्या हद्दीत कुठल्या दुकानात किती कॅमेरे, किती दिवसांचं रेकॉर्डिंग, देखभाल कोण करतं, याची यादी बीट अंमलदाराकडे तयार असावी. शेलूबाजारपुरती ती करून द्यायला मी तयार आहे. एका दिवसाचं काम आहे.