दिवाणजींची रिकामी गादी

पर्युषणानंतर भातसानगर परिसरातील एका परिचित धान्य व्यापाऱ्यांकडे जाणे झाले. बारा वर्षे हिशेब सांभाळणारे त्यांचे दिवाणजी भिवंडीच्या एका गोदामात नोकरीस लागले होते. उधारीची वही कपाटात जागच्या जागी होती. मात्र कोणत्या पाड्यावरचे गिऱ्हाईक भात विकला की आपणहून पैसे आणून देते आणि कोणाला दोनदा निरोप धाडावा लागतो, हे वहीत कोठेच नव्हते. ते दिवाणजींबरोबर गेले.

“पगार मागितला असता तर वाढवला असता,” शेटजी म्हणाले. बारा वर्षांनंतरही मागावे का लागावे, हा प्रश्न मी पाहुणा म्हणून गिळला.

गोदामात पगार फारसा अधिक नव्हता. तेथे साप्ताहिक सुट्टी होती, भविष्य निर्वाह निधी होता आणि दरमहा पगारपत्रक होते. घरासाठी कर्ज मागताना बँक तेच पाहते.

शेठ वालचंद हिराचंद यांचे स्मरण येथे होते. सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यात १८८२ साली जन्मलेल्या वालचंदांनी रेल्वेच्या कंत्राटांत भागीदार केले ते लक्ष्मणराव बळवंत फाटक यांना. फाटक हे रेल्वेतील माजी कारकून. एकाकडे घराण्याची पत, दुसऱ्याकडे कामाची जाण. पुढे भोर घाटातील बोगदे आणि आपल्याच शहापूर तालुक्यातील तानसा तलावातून मुंबईस पाणी नेणारे नळ, ही प्रचंड कामे वालचंदांच्या हातून झाली. आपल्या पेढ्यांत मात्र गल्ल्याची किल्ली अजून आडनाव पाहूनच दिली जाते.

दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेस ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो. शेटजींकडे पाचच माणसे. कायद्याचे बंधन नाही. तरीही हिशेब मांडून पाहिला. तेरा हजार वेतनावर वर्षाचे पंधरा दिवस, सव्वीस दिवसांचा महिना धरून, ७,५०० रुपये होतात. बारा वर्षांचे ९०,०००. म्हणजे महिन्याला ६२५ रुपये बाजूला. शेटजी त्या आकड्याकडे बराच वेळ पाहत राहिले. त्यांची बुडीत उधारी त्याहून मोठी होती.

आता दुकानात जवळच्या पाड्यावरचा एक तरुण आला आहे. सूनबाई त्याला संगणकावर खाती लिहिण्यास शिकवतात आणि प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावापुढे एक ओळ टिपून ठेवतात. सोमवारी त्याला सुट्टी असते. पगारपत्रक अद्याप मिळत नाही. शेटजींनी दिवाळीचा वायदा केला आहे.