'घाटी' कोणाला म्हणावे?

वास्को आणि मडगाव येथील शाळांत आज गदग, विजापूर, कोप्पळकडून आलेल्या श्रमिकांची मुले शिकत आहेत. त्यांतली कित्येक गोव्यातच जन्मली. कोकणी सफाईने बोलतात. तरीही चौदा-पंधराव्या वर्षी, भांडणात असो वा थट्टेत, 'घाटी' हा शब्द त्यांच्या कानी पडतोच. घाटापलीकडचा, एवढाच त्याचा मूळ अर्थ. आम्ही त्याची शिवी केली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत मुलांचा मानसिक छळ निषिद्ध ठरविला खरा, परंतु त्याचे छत्र चौदाव्या वर्षापर्यंतच. आणि टोमणा खोल रुततो तो त्याच सुमारास.

ही शिवी मुलांना घरीच मिळते. चोरी झाली की पहिला संशय कोणावर, भाड्याची खोली कोणाला नाकारायची, हे वडीलधारे जेवताना बोलतात तेच वर्गात उमटते. वास्तविक जन्मावरून हिणविले जाण्याचे दुःख गोमंतकाला नवे नाही. ते सोसलेल्या गोमंतक मराठा समाजातूनच भाऊसाहेब बांदोडकर पुढे आले व १९६३ साली आमचे पहिले मुख्यमंत्री झाले. इतक्यात विसरलो? उद्या इंग्लंडात स्विंडनला गेलेल्या गोमंतकीयाच्या मुलाला कोणी वर्णावरून डिवचले, तर आम्ही खवळून उठू आणि ते योग्यच होईल.

शिक्षण खात्याने माध्यमिक शाळांना याविषयी स्पष्ट परिपत्रक धाडावे. पालकसभेला या मुलांच्या आईवडिलांनाही आवर्जून बोलवावे आणि त्यांची मजुरी बुडू नये म्हणून ती सभा रविवारी घ्यावी.