फिरत्या बिऱ्हाडाचे इंटरनेट

मोबाईलचे सिम कोणत्या कंपनीचे घ्यावे, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे बहुधा एका जागी स्थिर असलेल्या माणसाच्या सोयीने दिले जाते. दिवसाला किती जीबी, किती दिवसांची मुदत आणि एकूण रुपये किती, एवढ्या तीन रकान्यांत सारा हिशेब आटोपतो. आणि ज्याचे घर, कचेरी व बाजार पाच मैलांच्या हद्दीत आहेत, त्याचे त्यात फारसे बिघडतही नाही. परंतु दसरा उलटताच बीडच्या गावांतून कोयता घेऊन सांगली-कोल्हापूरकडे वा सीमेपलीकडे बेळगावकडे निघणाऱ्या ऊसतोड टोळ्या, दिवाळीनंतर मेंढरांमागे कोकणच्या दिशेने उतरणारे धनगरांचे वाडे, आणि नाशिकचा कांदा किंवा जळगावची केळी घेऊन उत्तरेकडे जाणारे ट्रकचालक, यांना हाच हिशेब लावणे म्हणजे त्यांच्या गरजेविषयी मुळातच गल्लत करणे होय. स्थिर माणसाने दर पाहून सिम घ्यावे; फिरत्या माणसाने मात्र रस्ता पाहून घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या मंडळींच्या हातातील इंटरनेट ही करमणुकीची चैन आहे, असा एक समज सुखवस्तू वर्गात दृढ आहे. तो वस्तुस्थितीला धरून नाही. आंतरराज्य मालवाहतुकीस १ एप्रिल २०१८ पासून ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचा ऑनलाइन दाखला, सक्तीचे झाले आणि सर्वसाधारण मालाच्या बाबतीत त्याची मुदत आता दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी आहे. गाडीचा पाटा तुटून ती घाटात अडकली आणि मुदत टळण्याची वेळ आली, तर ती संपण्यापूर्वीच्या किंवा नंतरच्या आठ तासांत मुदतवाढ घ्यावी लागते, आणि तीही ऑनलाइनच. ती घेणारा मालक शहरातील दफ्तरात बसलेला असला, तरी गाडी नेमकी कोठे व कशामुळे अडली हे त्याला कळवणारा माणूस रस्त्यावर असतो, आणि नेमकी त्याच्याच फोनला रेंज नसते. ऊसतोड कामगारांची गरज याहून हळवी आहे. शाळेसाठी आजीजवळ ठेवलेले मूल संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर दिसावे, म्हणून फडातून दमून आलेली आई कोप्यांच्या वस्तीपासून दूर बांधावर जाऊन फोन डोक्याच्या वर धरून उभी राहते.

रेंज अशी का हुलकावणी देते, याचे कारण समजून घेणे निवडीच्या दृष्टीने उपयुक्त आहे. कमी वारंवारितेच्या लहरी दूरवर पोहोचतात व भिंतींतून सहज शिरतात; जास्त वारंवारितेच्या लहरी माहिती पुष्कळ वाहून नेतात, पण त्यांचा पल्ला आखूड असतो. म्हणून ज्या ५जीच्या जाहिरातींनी शहरातील फलक भरून गेले आहेत, त्याचा ताम्हिणी वा वरंध घाटातील वळणांवर फारसा उपयोग होत नाही. उलट क्षीण संदेशाच्या शोधात फोनची बॅटरी मात्र लवकर उतरते. अशा प्रवासात फोन ४जीवर ठेवावा आणि वाटेचा नकाशा निघण्यापूर्वीच उतरवून घ्यावा, हे उत्तम.

मग निवड करावी कशी? पहिली गोष्ट म्हणजे आधार व बँक ज्या क्रमांकाशी जोडलेली आहेत तो क्रमांक कोणत्याही मोहाने सोडू नये. केवळ कॉल व एसएमएसचे, डेटाविरहित रिचार्ज उपलब्ध करून देण्याचा हुकूम ट्राय या दूरसंचार नियामकाने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना दिलेला असल्याने तो क्रमांक जिवंत ठेवणे आता शक्य आहे. दुसरे सिम निराळ्या कंपनीचे असावे आणि त्याची निवड दुकानदाराच्या शिफारशीने न करता, गतवर्षी त्याच कारखान्यावर गेलेल्या टोळीला, मुकादमाला किंवा त्या मार्गावरील ढाब्यावर बसलेल्या चालकांना विचारून करावी. साधा बटणाचा २जी फोन बाळगणाऱ्याने जिओकडे २जी सेवाच नाही हे ध्यानात ठेवावे. आणि काश्मीरचे सफरचंद आणायला जाणाऱ्याने बाहेरच्या राज्याचे प्रीपेड सिम तेथे चालत नाही, पोस्टपेडच लागते, हे निघण्यापूर्वीच जाणून असावे. राज्य ओलांडूनही क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची सोय जुलै २०१५ पासून आहे खरी. परंतु एका कंपनीकडे ९० दिवस काढल्यावाचून दुसरीकडे जाता येत नाही, आणि तेवढ्या अवधीत निम्माअधिक गळीत हंगाम सरतो.

येथपर्यंतचे शहाणपण ज्याचे त्याने दाखवावे; परंतु सारा भार ग्राहकाच्या चातुर्यावर टाकून सरकारला मोकळे होता येणार नाही. ट्रायच्या २०२४ च्या नियमावलीने आपल्या सेवेचे नकाशे प्रसिद्ध करण्याचे बंधन कंपन्यांवर घातले, हे स्वागतार्हच होय. तथापि ते नकाशे म्हणजे कंपन्यांचे स्वतःचे निवेदन आहे. आणि ट्राय रस्त्यावर गाड्या फिरवून जी मोजणी करते, तिचे अहवाल टोळीतील माणसाला वाचता येतील अशा भाषेत व रूपात त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. शासकीय निधीतून उभारलेल्या टॉवरवरून बीएसएनएल, एअरटेल व जिओ या तिन्ही कंपन्यांच्या ग्राहकांना ४जी सेवा मिळावी, अशी व्यवस्था जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झाली. म्हणजे एकाच टॉवरवर सर्वांना सामावून घेणे तंत्रदृष्ट्या अशक्य नाही, याची कबुली सरकारनेच दिली आहे. मग घाटरस्त्यांवर व साखर कारखान्यांच्या परिसरात, जेथे एकाच कंपनीचा टॉवर उभा आहे तेथे, हीच व्यवस्था खासगी टॉवरांनाही सक्तीने का लागू होऊ नये?

तेव्हा मागण्या दोनच आहेत. मार्गवार मोजणीचे निष्कर्ष सोप्या मराठीत एसटी स्थानकांवर, ट्रक टर्मिनलवर आणि कारखान्यांच्या फाटकांवर लावावेत. आणि जेथे एकच टॉवर आहे तेथे तो सर्व कंपन्यांच्या ग्राहकांना खुला करावा. पुढील गळीत हंगामाच्या आत एवढे झाले, तरी दोन सिमांचा दुहेरी खर्च सोसणाऱ्या कष्टकऱ्याला निदान एका रिचार्जचे पैसे वाचवता येतील.