एक अवघड शब्द

आमच्या संगणकाच्या पडद्यावर रंगीबेरंगी पट्टे उमटू लागले, तेव्हा मी शिरस्त्याप्रमाणे चिरंजीवांवर गरजलो, “नाही नाही ते खेळ भरून यंत्र बिघडवलंस!”

तो बोलला नाही. त्याने केबल बदलली, शेजाऱ्यांचा मॉनिटर लावून पाहिला, पट्टे कायम. विंडोज सुरू होण्यापूर्वीच ते दिसत, म्हणजे दोष खेळांचा नव्हे. मग वीज तोडून त्याने ग्राफिक्स कार्ड काढले आणि मॉनिटर थेट मदरबोर्डला जोडला. चित्र लख्ख! कार्ड पुन्हा बसवले, पट्टे हजर. कार्डाचा पंखा धुळीने गच्च झालेला. संगणक कोंडला होता तो माझ्याच पुस्तकांच्या ढिगाऱ्यात!

वाचकहो, वीस वर्षे मी मराठी शिकवतो; पण ‘चुकलो’ हा एवढासा शब्द उच्चारायला मला चार दिवस लागले.