शोधाचा शिधा समाजानेच द्यावा

२००४ मध्ये दिल्लीतील सत्ता पालटली आणि सरस्वती वारसा प्रकल्प गुंडाळला गेला. जगमोहन केंद्रीय संस्कृतिमंत्री असताना २००२ साली हाती घेतलेल्या या प्रकल्पात घग्गरच्या कोरड्या पात्रालगतच्या स्थळांचे उत्खनन व्हावयाचे होते. नव्या राज्यकर्त्यांना त्यात रस नव्हता. तथाकथित पुरोगामी इतिहासकारांना तर उत्खननाची वाट पाहण्याइतकाही धीर नव्हता; इरफान हबीब यांनी २००१ मध्येच या नदीला कल्पनेच्या प्रांतात ढकलून दिले होते. या प्रकाराविषयी राष्ट्रीय विचारांच्या मंडळींनी संताप पुष्कळ व्यक्त केला, आणि तो योग्यच होता. परंतु त्या संतापात एक अवघड प्रश्न बाजूला पडला. राष्ट्राच्या स्मृतीचा शोध शासनाच्या तिजोरीला टांगून ठेवण्याची पाळी हिंदू समाजावर यावीच का?

तशी ती १९८५ साली आली नव्हती. भीमबेटकाची शैलचित्रे १९५७ मध्ये जगासमोर आणणारे डॉ. विष्णु श्रीधर तथा हरिभाऊ वाकणकर त्या वर्षी सरस्वती शोध अभियान घेऊन निघाले. प्रेरणा मोरोपंत पिंगळे यांची, आयोजन बाबासाहेब आपटे स्मारक समितीचे. हरियाणातील आदिबद्रीपासून सौराष्ट्रातील प्रभासपाटणपर्यंत निरनिराळ्या विद्याशाखांचे अभ्यासक महिनाभर फिरले. उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसणारी पात्ररेषा त्यांनी जमिनीवर, वाळूत आणि गावकऱ्यांच्या आठवणींत धुंडाळली. त्या प्रवासाला कोणत्याही मंत्र्याच्या स्वाक्षरीची प्रतीक्षा करावी लागली नाही, म्हणूनच कोणत्याही मंत्र्याला तो रद्दही करता आला नाही!

येथे विरोधक विचारतील की, संघटनेच्या पैशाने केलेले संशोधन संघटनेला हवे तेच सांगणार नाही कशावरून? आक्षेप खोडसाळ असला तरी उत्तर टाळण्याजोगे नाही. हडप्पाकालीन नगरे वसण्यापूर्वीच सतलजने घग्गरचे पात्र सोडले होते, असे २०१७ मधील एका अभ्यासाने म्हटले. याच पात्रात सुमारे ९००० ते ४५०० वर्षांपूर्वी बारमाही प्रवाह होता, असे २०१९ मधील दुसऱ्या अभ्यासाने दाखविले. वाद असा गाळाच्या कणांवर, प्रयोगशाळेत चालतो. व्यासपीठावरच्या घोषणांनी तो सुटत नाही. देणगीदाराने शिधा द्यावा, दिशा द्यावी; निष्कर्ष मात्र मागू नये. ज्याची श्रद्धा पक्की आहे त्याला पुराव्याचे भय कसले?

आणि सरस्वती दूर आहे म्हणून हात झटकण्याचे कारण नाही. अकलूजच्या अंगणातून नीरा वाहते. तुकोबांच्या पालखीतील पादुकांना सराटीजवळ ती स्नान घालते, अकलूजला रिंगण होते, पुढे नरसिंहपूरला ती भीमेस मिळते. संभाजीराजे पकडले गेल्याची वार्ता १६८९ मध्ये औरंगजेबाला पोहोचली ती याच अकलूजच्या छावणीत. जवळच्या वेळापुरास अर्धनारीनटेश्वराचे मंदिर आणि यादवकालीन शिलालेख आहेत. भीमेच्या खोऱ्यातील इनामगावी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननाने महाराष्ट्रातील आद्य शेतकऱ्यांची घरे, धान्याची कोठारे आणि दफने उजेडात आणली. तसल्या वस्त्यांच्या खुणा असलेली पांढरीची टेकाडे नदीकाठांवर असतात. त्यांची माती खत म्हणून शेतात जाते, उरलेले टेकाड उसासाठी यंत्राने सपाट होते. एक टेकाड गेले की तीन हजार वर्षांचे दप्तर गेले. ते परत आणण्याचे सामर्थ्य कोणत्याही सरकारात नाही, अनुकूल सरकारातही नाही.

अकलूजकरांना भांडवल कसे उभे राहते हे शिकविण्याची गरज नाही. शंकरराव मोहिते-पाटलांच्या नेतृत्वाखाली याच माळावर शेतकऱ्यांच्या भागांतून साखर कारखाना उभा राहिला. लावणी स्पर्धांनी गावाचे नाव महाराष्ट्रभर नेले. वाढदिवसांच्या फलकांवर आजही पैसा कमी पडत नाही. मग नीरेच्या सर्वेक्षणासाठी तेवढा खिसा रिकामा कसा होतो? एकनाथजी रानड्यांनी कन्याकुमारीच्या शिलास्मारकासाठी सामान्य माणसाकडून एक-एक रुपया मागितला आणि १९७० मध्ये स्मारक उभे करून दाखविले. धनिकाच्या एका धनादेशापेक्षा ती पद्धत कष्टाची. पण रुपया देणारा माणूस नंतर त्या कार्याचा पहारेकरी होतो. गावोगावी असे पहारेकरी असतील तर टेकाडावर यंत्र चढण्यापूर्वी कोणीतरी आडवा येईल.

खर्च अवाढव्य नाही. उत्खननाला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना लागतो. ते काम विद्यापीठांचे. समाजाने उचलावयाचा भार आहे तो वाहनाचा, शिलालेखांचे ठसे घेण्याच्या साहित्याचा, छायाचित्रणाचा, चार तज्ज्ञांच्या निवास-भोजनाचा आणि अहवाल छापण्याचा. निवास-भोजन तर स्वयंसेवकांच्या घरी सहज होईल. देणगीची पावती मिळावी, हिशेब तपासून जाहीर व्हावा, अहवाल प्रतिकूल निघाला तरी तो जसाच्या तसा छापावा, एवढ्या अटी आधीच लिहून ठेवाव्यात.

सर्वेक्षणाचा काळही निसर्गाने नेमून दिला आहे. गळीत हंगाम आटोपला की ऊस तुटून काठ मोकळे होतात, पात्रातील पाणी उतरते आणि ज्येष्ठातील पालखीपर्यंत जेमतेम दोन-अडीच महिने हाती राहतात. पावतीपुस्तके त्यापूर्वी, दिवाळीच्या सुमारास निघावयास हवीत.